मिठातील ‘५३६’ घातक आहे का?

नवी मुंबईच्या दमट हवेत उरण-पेणचे खडे मीठ पावसाळ्यात पाझरते, पाकिटातले बारीक मीठ मात्र सुटे राहते. त्यात बहुधा पोटॅशियम फेरोसायनाइड असते. पाकिटावर ‘५३६’ लिहिलेले दिसेल. नावातल्या सायनाइडने दचकू नका. ते लोहाशी घट्ट बांधलेले असते, स्वयंपाकाच्या आचेवर सुटत नाही. अन्नसुरक्षा नियमांनुसार मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम. रोज १० ग्रॅम मीठ (हे तसे जास्तच!) खाल्ले तरी ०.१ मिलिग्रॅम पोटात जाते. ६० किलो वजनाच्या माणसाला रोज १.५ मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित मानतात. या भीतीपोटी मिठागरावरचे बिनआयोडीनचे मीठ घरी आणाल, तर गलगंडाचा धोका मात्र खरा. खडे मीठच हवे असेल, तर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलेले घ्या आणि बरणी घट्ट झाका.