इलाको हाऊसचा पहारा

1960च्या दशकाच्या उत्तरार्धात कोलकात्यातल्या इलाको हाऊस या इमारतीवर रात्रंदिवस पहारा होता. पहारा देणारे होते आयुर्विमा महामंडळाचे कर्मचारी, आणि आपल्याच संस्थेचा संगणक तिथे बसू नये यासाठी ते पाळीपाळीने जागत होते.

गंमत अशी, की हिंदुस्थानात संगणक पहिल्यांदा आला तो याच शहरात. बरानगरच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांना राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांचे डोंगर उपसायचे होते, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचे गणितही मांडायचे होते. त्यासाठी 1955मध्ये इंग्लंडहून ‘एचईसी-2एम’ हे यंत्र आले, तेही पेट्यांमध्ये, सुट्या भागांत. मोही मुखर्जी आणि अमरेश राय हे दोन अभियंते आधी इंग्लंडला जाऊन ते शिकून आले होते. जोडणीही त्यांनीच केली. दशक संपता संपता सोव्हिएत युनियनमधून ‘उरल’ आला. पुढे 1966मध्ये इन्स्टिट्यूट आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून ‘इसिजू-1’ हा ट्रान्झिस्टरवर चालणारा संगणक घरीच बांधला. यातल्या कशाविरुद्धही कुणी घोषणा दिल्या नाहीत. संशोधकांना आकडेमोडीतून सुटका हवीच होती.

विमा कचेरीतली गोष्ट निराळी. 1956च्या राष्ट्रीयीकरणात 245 कंपन्या एकत्र होऊन महामंडळ झाले, आणि हप्त्यांच्या नोंदी, नोटिसा, हिशेब यांचा पसारा प्रचंड वाढला. व्यवस्थापनाने मुंबई आणि कोलकात्यात संगणक बसवायचे ठरवले. मुंबईत तो बसला. कोलकात्यात मात्र कारकुनांनी सरळ प्रश्न विचारला: या नोंदी यंत्र करणार असेल, तर आम्ही काय करायचे?

प्रश्न भाबडा नव्हता. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी शहर भरले होते, 1966-67च्या मंदीने कारखाने रडतखडत चालले होते, आणि मध्यमवर्गीय बंगाली घराला कचेरीतली नोकरी हाच काय तो आधार होता. त्यात 1967मध्ये राज्यात डाव्या पक्षांचा समावेश असलेले संयुक्त आघाडीचे सरकार आले. ‘घेराव’ हा शब्द त्याच काळात देशभर पोचला. अखिल भारतीय विमा कर्मचारी संघटनेने पहारा सोडला नाही. शेवटी यंत्रालाच कोलकाता सोडावे लागले.

प्रकल्प फसला तो तंत्रामुळे नव्हे. वातानुकूलित खोली, यंत्राचे भाडे, कार्डे पंच करण्याची सोय या साऱ्याचा विचार कागदावर होतो. टेबलामागच्या माणसाचे पुढे काय, हे रकाने रिकामेच राहतात. इलाको हाऊसमध्ये त्याच रिकाम्या रकान्यांनी घात केला, असे दिसते.

हा वाद अखेर एका मराठी माणसापुढे आला. 1969मध्ये केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर. नीलकंठ रथ यांच्यासह ‘भारतातील दारिद्र्या’चा हिशेब मांडणाऱ्या या अर्थतज्ज्ञाला रोजगाराचे मोल वेगळे सांगायला नको होते. समितीचा अहवाल 1972मध्ये आला. संगणक सरसकट आणू नयेत, निवडक ठिकाणी आणि जपून आणावेत, असा त्याचा कल होता.

बँकांनी हाच धडा गिरवला. 1983मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला: किती यंत्रे, कुठे, कोणत्या कामांसाठी, हे आधी लिहून ठरले. चाल मंद होती, पण पहारे बसले नाहीत.

कोलकात्यातही नंतर वारे फिरले. डाव्या आघाडीच्या सरकारनेच सॉल्ट लेकच्या सेक्टर पाचमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची वसाहत उभी केली, आणि 2000नंतर मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य यांच्या कारकिर्दीत सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी पायघड्या घातल्या. तिथल्या काचेच्या इमारतींत आज जे प्रकल्प व्यवस्थापक बसतात, त्यांच्या अभ्यासक्रमात इलाको हाऊसचे प्रकरण आणि दांडेकर समितीचा अहवाल दोन्ही लावायला हवेत.