शाळा, रेल्वे आणि त्यानंतर

खेळाडूची कारकीर्द म्हटली की आपण पदके मोजतो. भारतातील स्त्री-खेळाडूंचा इतिहास लिहायचा असेल तर आणखी तीन गोष्टी विचाराव्या लागतात : मुलगी कोणत्या शाळेत गेली, तिला नोकरी कुणी दिली आणि धावणे थांबल्यावर तिने काय केले.

पी. टी. उषाचेच उदाहरण घेऊ. केरळ सरकारने १९७६ साली मुलींसाठी क्रीडाशाळा सुरू केली. पय्योलीजवळची, हलाखीच्या घरातली ही मुलगी कन्नूरला दाखल झाली आणि प्रशिक्षक ओ. एम. नंबियार यांच्या नजरेत भरली. राहण्या-जेवण्याची सोय झाली म्हणूनच धावणे शक्य झाले. सोळाव्या वर्षी ती मॉस्को ऑलिंपिकला गेली. १९८४ साली लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचे कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले.

ही शर्यत सर्वांना ठाऊक आहे. तिची दक्षिण रेल्वेतली नोकरी मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहत नाही. धावण्यातून पोट भरेल असा तो काळ नव्हता. रेल्वेच्या क्रीडा कोट्यातून पगार मिळे, सरावाला सवलत मिळे आणि मुख्य म्हणजे घरच्यांना सांगता येण्याजोगे उत्तर मिळे. खेळून काय करणार, या प्रश्नाला मुलींना मुलांपेक्षा अधिक वेळा तोंड द्यावे लागे.

१९९१ साली उषाचे लग्न झाले, मग मूल. बहुतेक जणींची गोष्ट इथेच संपते. उषा मात्र परतली. १९९८ साली फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत, चौतिसाव्या वर्षी, तिने २०० आणि ४०० मीटरमध्ये कांस्यपदके मिळवली. २००० साली ती निवृत्त झाली आणि २००२ साली कोझिकोड जिल्ह्यात तिने मुलींसाठी धावण्याची शाळा काढली. आपल्याला जी पहिली पायरी मिळाली, तीच तिने पुढच्या मुलींसाठी बांधली. तिथली टिंटू लुका २०१४ साली इंचॉनच्या आशियाई क्रीडास्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक विजेती ठरली.

ज्यांना आधार मिळाला नाही त्यांचे काय होते, हे शांती सौंदरराजनकडे पाहून कळते. तमिळनाडूतल्या वीटभट्टी मजुरांची ही मुलगी. २००६ साली दोहा इथे तिने ८०० मीटरचे रौप्यपदक मिळवले. लिंगचाचणीनंतर ते काढून घेतले गेले आणि तिचे धावणेही संपले. २०१२ साली ती स्वतः वीटभट्टीवर रोजंदारी करत होती. पुढे प्रशिक्षणाची पदविका घेऊन ती तमिळनाडूत प्रशिक्षक झाली. पण मधली वर्षे कुणी परत दिली नाहीत.

सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओला स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तीही रेल्वेचीच, पुढे महाराष्ट्र शासनाच्या महसूल सेवेत अधिकारी झाली.

या तिघींच्या आयुष्याला आपण 'निवड' म्हणतो. निवडायला मात्र किमान दोन वाटा लागतात. आपल्याकडे बहुतेक धावपटू मुलींपुढे एकच वाट होती, सरकारी नोकरीची. ती जिला मिळाली तिचे नाव आपल्याला ठाऊक आहे. जिला मिळाली नाही ती शाळेच्या मैदानावर किती वेगाने धावत होती, याची नोंद कुठेच नाही.