रुपेरी पडद्यावरील हिम

चित्रपटकलेचा इतिहास लिहिणारे बहुधा नट व दिग्दर्शक यांच्यापाशी थांबतात. पडद्यावर पडणारे हिम कशाचे केलेले असते, हा प्रश्न त्यांस किरकोळ वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी हिम प्रथम पाहिले ते चित्रपटगृहाच्या अंधारात. आणि जे पाहिले ते अनेकदा मीठ, पीठ किंवा साबणाचा फेस होते.

मूकपटांच्या काळी डोळा फसला की काम झाले. ‘द गोल्ड रश’ (१९२५) साठी चॅप्लिन यांनी आरंभी कॅलिफोर्नियातील ट्रकी येथे खऱ्या बर्फात चित्रण केले; पण पुढे अलास्काचे डोंगर हॉलिवुडच्या स्टुडिओतच उभे राहिले आणि प्लास्टर, मीठ व पीठ यांनी पांढरे झाले. बोलपट आला आणि अडचण झाली ती कानाची. पडत्या हिमासाठी कॉर्नफ्लेक्स, म्हणजे मक्याचे पोहे, पांढरे रंगवून वापरीत. ते पायाखाली असे करकरत की संवाद मागाहून पुन्हा मुद्रित करावे लागत.

फ्रँक काप्रा यांस हे मान्य नव्हते. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’चे चित्रण १९४६ च्या एप्रिल ते जुलै या महिन्यांत, कॅलिफोर्नियाच्या उन्हाळ्यात चालले होते, कथेतील गाव मात्र नाताळच्या थंडीत गारठलेले. संवाद जागीच मुद्रित व्हावेत असा त्यांचा आग्रह. तेव्हा आरकेओ संस्थेतील रसेल शीअरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग विझविण्याच्या यंत्रांतील फोमाइट, साखर, साबण आणि पाणी यांचे मिश्रण करून ते मोठ्या दाबाने पंख्यांपुढे सोडले. हजारो गॅलन मिश्रण खपले. हे हिम निःशब्द पडत असे. या युक्तीबद्दल त्यांस १९४९ साली अमेरिकन चित्रपट अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. गंमत अशी की खरे हिमही पायाखाली वाजतेच. म्हणून पुढे ध्वनियोजक मक्याच्या पिठाची पिशवी हाताने दाबून तो आवाज काढू लागले. पोह्यांच्या रूपाने हाकललेला मका पिठाच्या रूपाने परत आला!

येथवरची कथा रंजक आहे. परंतु त्याच काळी आणखी एक हिम प्रचारात होते: पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसचे. ते जळत नाही, वितळत नाही, आणि प्रखर दिव्यांखाली आग लागण्याचे भय नाही, हे त्याचे गुण. नाताळच्या झाडावर भुरभुरविण्यासाठी ते खोक्यांतून घरोघरी विकले जाई. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ (१९३९) मधील अफूच्या फुलांवर पडणारे हिम याचेच होते, असे चित्रपटाचे अभ्यासक सांगतात. या धुळीने फुप्फुसे कायमची निकामी होतात, हे तेव्हा अज्ञात होते असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. १९२४ साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात त्या रोगाची नोंद झाली होती आणि १९३१ साली ब्रिटनने कारखान्यांतील अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीवर निर्बंध घातले होते. म्हणजे कारखान्यात जी धूळ विष ठरली, तीच स्टुडिओत आणि दिवाणखान्यात शोभा म्हणून राहिली.

आज पडद्यावरचे हिम कागदाच्या लगद्याचे, फेसाचे किंवा संगणकातून काढलेले असते. शीअरमन यांचे नाव पारितोषिकामुळे तरी राहिले. अ‍ॅस्बेस्टॉसची पोती ज्यांनी फोडली, उंचावरून ती भुकटी नटांवर सोडली आणि चित्रण संपल्यावर झाडूने गोळा केली, त्यांची नावे आमच्या पाहण्यातील कोणत्याही श्रेयनामावलीत नाहीत.