म्हातारं यंत्र आणि नवी कारभारीण

कळव्याच्या आमच्या बचत गटांच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर आहे, एका ऑफिसने बदलला तेव्हा मिळालेला. गेल्या वर्षी तो इतका मंदावला की बटण दाबून चहा ठेवावा, पिऊन व्हावा, तरी पडद्यावर काही नाही. बँकेत कर्जप्रकरण द्यायला चार दिवस उरलेले आणि बारा गटांचा हिशोब त्यात अडकलेला! दुरुस्तीवाला म्हणाला, "ताई, भंगारात द्या, नवा घ्या." नवा घ्यायचा तर कुणातरी बाईचं शिलाई मशीनचं कर्ज थांबलं असतं.

आमच्या एका ताईंची मुलगी कॉलेजात आहे. ती म्हणाली, "यंत्र ठीक आहे, त्याच्यावरचं ओझं वाढलंय. लिनक्स टाकून बघू." मग मी या लिनक्सचं मूळ शोधलं.

1969 साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन यांना नवी कार्यप्रणाली लिहायची होती. कार्यप्रणाली म्हणजे कॉम्प्युटरच्या घरातली कारभारीण, कुणाला किती जागा, कुणाचं काम आधी, हे ठरवणारी. मोठं यंत्र मिळेना. फारसं कुणी वापरत नसलेलं पीडीपी-7 हे छोटं यंत्र त्यांनी घेतलं. पत्नी बाळाला घेऊन तीन आठवडे नातेवाइकांकडे गेली, तेवढ्या वेळात गाभा लिहून झाला, असं ते स्वतःच सांगतात. म्हणजे घरातल्या बाईने वेळ मोकळा करून दिला, हेही इतिहासातच आलं! डेनिस रिची त्यांच्या जोडीला होते. या प्रणालीचं नाव युनिक्स. पापडाच्या गटात एक मळते, एक लाटते, एक वाळवते, तसे तिच्यात छोटे छोटे प्रोग्रॅम एकेकच काम करतात.

पुढे युनिक्स महाग झालं. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने हप्त्यावर घेतलेल्या साध्या कॉम्प्युटरवर तशाच धर्तीचा गाभा लिहिला आणि सगळ्यांना खुला केला. तेच लिनक्स. 2007 मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैराट-धनगरवाड्याच्या शाळेत मुलांच्या हाती स्वस्तातले छोटे लॅपटॉप आले, तेही लिनक्सवरच चालणारे.

आम्ही काय केलं? आधी सगळा हिशोब दुसरीकडे उतरवून घेतला. मग पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून पाहिलं, प्रिंटर चालतो का तेही तपासलं. खात्री पटल्यावरच कॉम्प्युटरमध्ये टाकलं. विंडोजसाठीच बनवलेले काही प्रोग्रॅम त्यावर चालत नाहीत आणि फारच जुन्या यंत्रांना आताचं लिनक्सही जड जातं, हे लक्षात ठेवा. पण मराठी टायपिंग, हिशोबाचे तक्ते, पत्रं, सगळं होतं. प्रणालीचा खर्च शून्य.

कर्जप्रकरण वेळेत गेलं. मशीनही आलं.

तेव्हा मैत्रिणींनो, कुणी "भंगारात द्या" म्हटलं, तर एकदा विचारा, यंत्र थकलंय, की कारभारीण बदलायची वेळ आलीय?