रानपिंगळ्याची खोटी चिठ्ठी

पक्षिनिरीक्षकाची नोंद खरी असावी, हा नियम मोडला तर काय होते? खानदेशातल्या रानपिंगळ्याची हकिगत पाहा. जेम्स डेव्हिडसन यांनी १८८४ पर्यंत तेथे या घुबडाचे नमुने गोळा केले. त्यांतला एक रिचर्ड मायनर्ट्झहागेन यांनी ब्रिटिश संग्रहालयातून चोरला, पुन्हा भरला आणि १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपणच मिळवल्याची चिठ्ठी त्याला लावली. ती खरी मानून पक्षी भलत्याच जागी शोधला गेला. पामेला रासमुसेन यांनी ती चिठ्ठी बाद ठरवली आणि जुन्या, खऱ्या नोंदींचा माग धरला. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांच्या चमूला रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी! विद्यार्थ्यांच्या वहीत म्हणूनच ‘आज दिसला नाही’ ही प्रामाणिक नोंदही मोलाची मानावी.