हाउसवाइव्ज लीग ऑफ डेट्रॉइट

हाउसवाइव्ज लीग ऑफ डेट्रॉइट (अर्थ: डेट्रॉइट गृहिणी संघ) ही अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहरात १९३० मध्ये कृष्णवर्णीय महिलांनी स्थापन केलेली ग्राहक संघटना होती. घरखर्चाचा पैसा कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या दुकानांत व व्यवसायांत खर्च करून समाजात रोजगार आणि भांडवल निर्माण करणे, हा तिचा मुख्य उद्देश होता.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वांशिक भेदभाव व दारिद्र्य यांमुळे दक्षिणेकडील राज्यांतून लक्षावधी कृष्णवर्णीयांनी उत्तरेकडील औद्योगिक शहरांत स्थलांतर केले. डेट्रॉइटमधील त्यांची लोकसंख्या १९१० मध्ये सुमारे ५,७०० होती. १९३० पर्यंत ती सुमारे १,२०,००० झाली. त्यांच्या वस्तीतील अनेक दुकाने श्वेतवर्णीयांच्या मालकीची होती. तेथे कृष्णवर्णीय ग्राहक चालत असे, परंतु नोकर म्हणून त्याला क्वचितच स्थान मिळे. १९२९ नंतरच्या महामंदीत मोटार कारखान्यांतील कामगारकपातीने ही विषमता अधिक तीव्र झाली.

स्थापना

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०० मध्ये स्थापन केलेल्या नॅशनल नीग्रो बिझनेस लीगचे पदाधिकारी आल्बन होल्सी यांचे डेट्रॉइट येथे व्याख्यान झाले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील गृहिणींनी आपल्या क्रयशक्तीचा संघटितपणे केलेला वापर हा त्याचा विषय होता. त्यातून प्रेरणा घेऊन फॅनी पेक यांनी १० जून १९३० रोजी ५० महिलांसह हा संघ स्थापन केला. त्यांचे पती विल्यम पेक हे बेथेल चर्चचे धर्मोपदेशक होते. त्यांनी त्याच सुमारास शहरातील कृष्णवर्णीय व्यावसायिकांची संघटना उभारली. १९३४ पर्यंत गृहिणी संघाची सदस्यसंख्या सुमारे १०,००० झाली.

कार्यपद्धती

कृष्णवर्णीयांच्या दुकानांतून खरेदी करणे, त्यांनी तयार केलेला माल वापरणे आणि आपल्याच समाजातील डॉक्टर, वकील आदी व्यावसायिकांकडे जाणे, अशी प्रतिज्ञा सदस्यांना घ्यावी लागे. वस्तीवार शाखांमार्फत घरोघरी प्रचार केला जाई. ग्राहकाची निष्ठा टिकवायची तर मालाचा दर्जा, स्वच्छता व सेवा चांगली असली पाहिजे, अशी अपेक्षाही दुकानदारांकडून ठेवली जाई.

याच काळात शिकागो, न्यूयॉर्क आदी शहरांत 'जिथे काम मिळत नाही, तिथे खरेदी करू नका' ही बहिष्काराची चळवळ सुरू होती. तिचा रोख कृष्णवर्णीयांना नोकरी नाकारणाऱ्या दुकानांवर होता. डेट्रॉइटच्या संघाने मात्र स्वतःच्या समाजातील व्यवसाय वाढविण्यावर अधिक भर दिला.

प्रसार

शिकागो, क्लीव्हलंड, बाल्टिमोर आदी शहरांतही असे संघ निघाले. १९३३ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील संघटना स्थापन झाली व फॅनी पेक तिच्या अध्यक्षा झाल्या.

मर्यादा व महत्त्व

लहान दुकानदारांकडे भांडवल कमी असे. थोड्या प्रमाणात माल घ्यावा लागत असल्याने त्यांचे दर मोठ्या दुकानांशी सहज स्पर्धा करू शकत नसत. त्यामुळे मंदीच्या काळात अशी खरेदी हा गरीब कुटुंबांसाठी त्यागच ठरे. शिवाय ग्राहकांच्या निष्ठेने दुकाने तगली, तरी जागेवरील हक्क सुरक्षित झाला नाही. कृष्णवर्णीय व्यवसायांचे केंद्र असलेला हेस्टिंग्ज स्ट्रीटचा परिसर पुढे नागरी पुनर्विकास व महामार्गाच्या बांधकामात जमीनदोस्त झाला.

घरखर्च सांभाळणाऱ्या सामान्य स्त्रियांनी दैनंदिन खरेदीला आर्थिक सामर्थ्याचे साधन बनविले, यासाठी हा संघ अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाचा मानला जातो. त्याची कागदपत्रे डेट्रॉइट सार्वजनिक ग्रंथालयात जतन केलेली आहेत.