केळ्यातून देशाला किती प्रथिने मिळतात?

हुबळी-धारवाड महापालिकेच्या हद्दीतील तारिहाळ हे औद्योगिक वसाहतीमुळे परिचित झालेले गाव. तेथील काय किंवा कर्नाटकातील अन्य कोणत्याही गावातील काय, सरकारी शाळेत माध्यान्ह आहारासोबत मुलांना उकडलेले अंडे दिले जाते आणि जे अंडे खात नाहीत त्यांच्या हातात केळे ठेवले जाते. सरकारी नोंदीत हे दोन पदार्थ एकमेकांचे पर्याय आहेत. आहारशास्त्राच्या हिशेबात मात्र त्यांची बरोबरी होत नाही. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात, तर सोललेल्या १०० ग्रॅम केळ्यातून जेमतेम १.१ ग्रॅम. कर्नाटकात आवडीने खाल्ले जाणारे छोटे एलक्की केळे असेल तर अर्धा ग्रॅमच.

केळे हे भारतातील सर्वांत मुबलक फळांपैकी एक आहे. जगातील सुमारे पाव केळी एकट्या भारतात पिकतात. त्यामुळे या फळाचा देशाच्या प्रथिनपुरवठ्यात वाटा किती, हा प्रश्न केवळ शाळेपुरता उरत नाही.

असा वाटा मोजण्याची एक रूढ रीत आहे. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना प्रत्येक देशाचा अन्न ताळेबंद मांडते. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातील फरक धरायचा, बियाणे, पशुखाद्य, प्रक्रिया आणि नासाडी यांची वजावट करायची. जे उरेल ते लोकसंख्येने आणि वर्षाच्या दिवसांनी भागायचे. मग त्या वजनातील उष्मांक, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ काढायचे. हा आकडा पुरवठ्याचा असतो, प्रत्यक्ष खाण्याचा नव्हे. कोणाच्या ताटात काय पडले, हे तो सांगत नाही. सरासरीत रोज केळे खाणारा आणि केळे सणालाच पाहणारा असे दोघेही एकाच वजनाचे ठरतात.

हीच रीत भारताला ढोबळमानाने लावून पाहता येते. देशाचे वार्षिक उत्पादन ३ कोटी ३० लाख टन आणि लोकसंख्या १४० कोटी धरली, तर माणशी वर्षाला साडेतेवीस किलो, म्हणजे दिवसाला सुमारे ६५ ग्रॅम केळी येतात. तोडणीपासून दुकानापर्यंत पाव हिस्सा वाया जातो असे मानले आणि उरलेल्यातून सालीचे वजन वगळले, तर खाण्याजोगा गर ३० ग्रॅमच्या आसपास राहतो. त्यातील प्रथिने भरतात सुमारे ०.३५ ग्रॅम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे देशातील सारी केळी मिळून या गरजेचा शंभरावा हिस्साही भरून निघत नाही. तेवढीच प्रथिने चिमूटभर तूरडाळीतून, नेमके सांगायचे तर दीड-पावणेदोन ग्रॅम डाळीतून मिळतात.

तरीही या आकड्याची वाढ लक्षणीय आहे. १९६१ मध्ये देशाची लोकसंख्या सुमारे ४४ कोटी आणि केळ्यांचे उत्पादन वीस ते पंचवीस लाख टनांच्या घरात होते. त्याच हिशेबाने तेव्हा माणशी दिवसाला ०.०८ ग्रॅमच्या आसपास प्रथिने येत. सहा दशकांत पुरवठा चौपटीहून अधिक झाला. भारताची केळ्यांची निर्यात उत्पादनाच्या मानाने किरकोळ असल्याने ही वाढ जवळपास सगळी देशातच खपली. या वाढीचे श्रेय पाण्याला आणि रोपांना जाते. जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल या पट्ट्यात बसराई आणि श्रीमंती हे जुने वाण होते. गेल्या शतकाच्या अखेरीस ऊतीसंवर्धित ‘ग्रँड नैन’ची रोपे आणि ठिबक सिंचन आले, आणि घडाचे वजन तसेच एकरी उतारा दोन्ही वाढले. पुढे हाच वाण देशभर पसरला. जळगावच्या केळ्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

केळ्याच्या या चढत्या रेषेशेजारी डाळींची रेषा ठेवली की चित्र पालटते. १९६१ मध्ये देशात माणशी दिवसाला ६९ ग्रॅम डाळी उपलब्ध होत्या. २००७ च्या सुमारास हा आकडा ३५ ग्रॅमपर्यंत घसरला. त्यानंतर तो काहीसा सावरला, परंतु जुन्या पातळीवर पोहोचला नाही. डाळीत सरासरी २२ टक्के प्रथिने धरली, तर त्या घसरणीत माणशी दिवसाला सात ग्रॅमहून अधिक प्रथिने गेली. केळ्यांनी त्याच काळात भर घातली ती पाव ग्रॅमच्या आसपास. ती पोकळी काही अंशी भरून काढली दुधाने. १९६०-६१ मध्ये माणशी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास असलेले दूध २०२२-२३ मध्ये ४५९ ग्रॅमवर गेले. फळबागांच्या विक्रमी उत्पादनाच्या बातम्यांत ‘पोषण सुरक्षा’ हा शब्द सढळपणे वापरला जातो. तो जीवनसत्त्वे आणि खनिजांपुरता खरा आहे, प्रथिनांपुरता नाही.

केळे हेच मुख्य अन्न असलेले देशही आहेत. युगांडात ‘मतोके’ म्हणजे शिजवलेली हिरवी केळी हा रोजच्या जेवणाचा गाभा आहे. तेथे केळ्यांतून येणारी प्रथिने राष्ट्रीय हिशेबात ठळकपणे दिसतात. मात्र ती दिसतात ती खाण्याच्या प्रचंड प्रमाणामुळे, फळाच्या गुणामुळे नव्हे. आईचे दूध सुटल्यावर केवळ अशा पिष्टमय अन्नावर वाढणाऱ्या मुलांना सूज आणणारे कुपोषण, म्हणजे क्वाशिओरकोर, जडत असल्याचे विसाव्या शतकात आफ्रिकेतील डॉक्टरांनी नोंदवले. कंपालाच्या मुलागो रुग्णालयात यावर दीर्घकाळ संशोधन चालले. मुलाचे पोट भरलेले असते, पण वाढ खुंटलेली असते. म्हणूनच हे कुपोषण घरच्यांच्या ध्यानात उशिरा येते.

शाळेतील केळ्याचा प्रश्न इथे येऊन भिडतो. कर्नाटकाने डिसेंबर २०२१ मध्ये कुपोषणाचे प्रमाण अधिक असलेल्या उत्तरेकडील जिल्ह्यांत अंडी देण्यास प्रारंभ केला. काही मठाधीशांनी त्यास विरोध केला आणि केळ्याचा पर्याय त्या वादात महत्त्वाचा ठरला. पुढे यादगीर आणि गदग या दोन जिल्ह्यांतील मुलांची तुलना करण्यात आली. अंडी मिळालेल्या यादगीरच्या मुलांचे वजन अधिक वाढल्याचे तीत दिसून आले. २०२२ मध्ये योजना राज्यभर गेली आणि २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या अर्थसाहाय्याने अंडी आठवड्याचे सहाही दिवस मिळू लागली. प्रारंभी पर्यायांत शेंगदाण्याची चिक्कीही होती. दर्जा आणि साठवणूक यांविषयीच्या तक्रारींनंतर २०२५ च्या सुरुवातीस ती बंद झाली. शेंगदाण्यात २५ टक्के प्रथिने असतात, हे लक्षात घेता अंडे न खाणाऱ्या मुलाचे नुकसान झाले ते नेमके या टप्प्यावर.

पंतप्रधान पोषण योजनेच्या निकषांनुसार प्राथमिक शाळेतील मुलाला दुपारच्या जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. उच्च प्राथमिकसाठी हेच प्रमाण ७०० आणि २० आहे. एका अंड्याने लहान मुलाचा निम्मा हिशेब पुरा होतो, एका केळ्याने बारावा. अंड्याइतकी प्रथिने केळ्यांतून द्यायची तर पाच-सहा केळी लागतील आणि त्यांचा उष्मांकच संपूर्ण जेवणाच्या निकषाला ओलांडून जाईल. कर्नाटकात २०१३ पासून ‘क्षीर भाग्य’ योजनेखाली मुलांना १५० मिलिलिटर दूध मिळते, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. महाराष्ट्रानेही नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे आणि न खाणाऱ्यांना केळे किंवा स्थानिक फळ असा निर्णय घेतला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यांसाठीचा राज्याचा निधी थांबला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण कर्नाटकात ३५.४ टक्के, महाराष्ट्रात ३५.२ टक्के आणि गोव्यात २५.८ टक्के आढळले होते. गोव्याचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा बरा असला, तरी चारांतील एक मूल खुरटलेले असणे हे समाधानाचे कारण नव्हे.

केळ्याला कमी लेखण्याचे कारण नाही. ते धुवावे लागत नाही, शिजवावे लागत नाही, सालीतच सुरक्षित राहते. त्यातून पोटॅशियम, ब-६ जीवनसत्त्व आणि लगेच कामी येणारी ऊर्जा मिळते. सालदाट, रसबाळी, सावरबोंडी किंवा मयडेच्या मोठ्या केळ्याची गोव्यात जी प्रतिष्ठा आहे, तिच्या मुळाशी चव आहे आणि ती पुरेशी आहे. केवळ त्याला अंड्याच्या जागी उभे करू नये. अंडे न खाणाऱ्या मुलासाठी खरा पर्याय शोधायचा तर मूठभर भाजलेले शेंगदाणे, ३० ग्रॅम चणे किंवा पेलाभर दूध यांतून साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात.

इतर फळांची स्थितीही केळ्याहून फारशी निराळी नाही. १०० ग्रॅम अननसात अर्धा ग्रॅम, आंब्यात ०.८ ग्रॅम, फणसाच्या गऱ्यात पावणेदोन ग्रॅम प्रथिने असतात. पेरू अडीच ग्रॅमवर जाऊन या पंक्तीत वरचा ठरतो. झाड प्रथिने राखून ठेवते ती बीमध्ये. फणसाच्या आठळ्यांत १०० ग्रॅममागे सहा ग्रॅमहून अधिक, तर काजूगरात १८ ग्रॅम प्रथिने असतात. पावसाळ्यात गोव्यातील घराघरांत आठळ्या सुकवून ठेवण्याची जी चाल होती, ती भाजीला चव यावी म्हणून. प्रथिनांचा लाभ त्यासोबत आपसूक होत असे.